घराच्या वायफायला कुलूप कोणतं?

फायबरची वायर घरात येते, भिंतीवर डबी बसते, राउटरचे हिरवे दिवे लागतात. मग जोडणी करायला आलेला मुलगा मोबाइलवरून मान वर करून विचारतो, "काका, पासवर्ड काय ठेवू? तुमचा नंबरच टाकतो, लक्षात राहील." त्याला अजून तीन घरं करायची असतात आणि आपल्याला नेट लवकर सुरू व्हायला हवं असतं. आपण "टाक" म्हणतो. आमच्याकडे हेच झालं. नंतर सोसायटीत ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या बहुतेकांकडेही हेच झालं होतं. नेटवर्कला नाव आडनावाचं किंवा फ्लॅट नंबरचं, आणि पासवर्ड म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाचा दहा आकडी मोबाइल नंबर. आडनाव दारावरच्या पाटीवर असतं आणि नंबर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

पण शेजाऱ्याला आपला नंबर ठाऊक असतो, ही यातली लहान अडचण झाली. ज्या माणसाने आपलं नावही कधी ऐकलेलं नाही, त्यालाही हा नंबर शोधून काढता येतो, आणि त्या कामाला अर्धा तासही लागत नाही. हे कसं होतं ते नीट समजलं, की राउटरमधल्या सगळ्या सेटिंगपैकी कोणती महत्त्वाची आणि कोणती नुसती समाधानाची, हे आपोआप कळायला लागतं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आज बहुतेक घरांत वायफायची जी पद्धत चालते तिचं नाव डब्ल्यूपीए-२. या पद्धतीत पासवर्ड हवेतून कधीच जात नाही. तो फोनकडे असतो आणि राउटरकडेही असतो. दोघांनी एकमेकांना तो न सांगता फक्त एवढंच पटवायचं असतं की आपल्या दोघांकडचा पासवर्ड एकच आहे. त्यासाठी राउटर ठरावीक नसलेला कुठलाही एक आकडा फोनला पाठवतो. फोन त्यात स्वतःचा तसाच एक आकडा मिसळतो, पासवर्डपासून बनवलेली किल्ली वापरून त्यावर एक शिक्का उमटवतो आणि परत पाठवतो. राउटर आपल्याकडे तोच हिशेब करून पाहतो. शिक्का जुळला तर दार उघडतं. अशा चार निरोपांत काम संपतं.

ही रचना हुशारीची आहे, पण तिच्यात एक फट आहे. बाहेर रस्त्यावर उभा असलेला माणूस हे निरोप ऐकू शकतो, कारण रेडिओलहरींना भिंत पुरती अडवत नाही. त्याला दोन्ही आकडे मिळतात आणि शिक्काही मिळतो. एवढं टिपून तो निघून जातो. घरी बसून तो संगणकाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो: पासवर्ड हा असता, तर शिक्का असाच उमटला असता का? नाही. मग हा असता तर? आपल्या राउटरला या सगळ्याचा पत्ता नसतो. 'तीनदा चुकलं, आता थांबा' असं म्हणणारं तिथे कुणी नसतं. फोन जोडला जाण्याची वाट पाहत उभं राहण्याचीही गरज पडत नाही. जोडलेल्या फोनला एक खोटा निरोप पाठवून तोडता येतं, आणि फोन लगेच पुन्हा जोडून घ्यायला धावतो. आणि २०१८ मध्ये असं दिसून आलं की पुष्कळ राउटर, फोन आसपास नसतानाही, तपासणीपुरती माहिती स्वतःच हातात देतात.

ज्यांनी ही पद्धत आखली त्यांना या धोक्याची कल्पना होती. म्हणून पासवर्डपासून किल्ली बनवताना तो नेटवर्कच्या नावासह ४,०९६ वेळा दळला जातो. खऱ्या वापरकर्त्याला हे दळण एकदाच करायचं असतं, त्यामुळे त्याला उशीर जाणवत नाही. चोराला मात्र प्रत्येक अंदाजासाठी ते पुन्हा करावं लागतं. नाव मिसळण्यामागेही कारण आहे. दोन घरांचा पासवर्ड एकच असला तरी नावं वेगळी असतील तर किल्ल्या वेगळ्या निघतात. कंपनीने दिलेलं सर्रास आढळणारं नाव तसंच ठेवलं, तर त्या नावासाठी आधीच दळून ठेवलेलं आयतं पीठ चोराच्या कामी येतं. राउटरचं नाव बदलावं असं सांगतात त्याचा खरा अर्थ हा. नाव वेगळं हवं, एवढंच. त्यात आडनाव आणि फ्लॅट नंबर घालून पत्ता जाहीर करण्याचं काही कारण नाही.

हे दळण २००४ च्या संगणकांना जड होतं. आज खेळांसाठी बनवलेलं एखादं वरच्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला सुमारे २५ लाख अंदाज दळून पाहतं. आता हिशेब मांडू. आपल्याकडचे मोबाइल नंबर दहा आकडी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे होऊ शकणारे सगळे नंबर मिळून ४०० कोटी. भागाकार केला की १,६०० सेकंद येतात, म्हणजे सत्तावीस मिनिटं. कुठलेही आठ आकडे ठेवले तर चाळीस सेकंद पुरतात. आणि मुलांची जन्मतारीख ठेवली, तर शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मिळून छत्तीस हजारांच्या आसपासच भरतात. त्यांना एका सेकंदाचा छोटासा तुकडाही पुष्कळ होतो.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. इस्रायलमधल्या तेल अवीव शहरात इडो हूरविच नावाच्या सुरक्षा-संशोधकाने २०२१ मध्ये नेमकं हेच करून पाहिलं. साधंसं वायफाय कार्ड जोडलेलं यंत्र घेऊन तो शहरात पायी, सायकलवर आणि गाडीतून फिरला आणि पाच हजार नेटवर्कची माहिती टिपून आणली. त्यांतल्या सुमारे सत्तर टक्के नेटवर्कचे पासवर्ड त्याला सापडले. सर्वांत जास्त कशाने सापडले असतील? मोबाइल नंबरने. तिथलेही लोक स्वतःचा नंबरच पासवर्ड म्हणून ठेवतात, आणि तिथले नंबर ०५ ने सुरू होत असल्यामुळे फक्त आठ आकडे शोधायचे उरतात. तेल अवीवची ही सवय आणि आपल्याकडची सवय यांत मला काही फरक दिसत नाही.

म्हणून पहिला आणि सर्वांत मोलाचा निर्णय पासवर्डचा. डब्ल्यूपीए-२ मध्ये तो ८ ते ६३ अक्षरांचा ठेवता येतो. शब्दाच्या मधे 'ए' काढून '@' घालायचा आणि शेवटी १२३ लावायचं, ही युक्ती अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामना केव्हाच पाठ झाली आहे. आपल्या आवडीची घोषणा, देवाचं नाव, गाण्याचा मुखडा, किल्ल्याचं नाव हेही नको. जे आपल्या ओठांवर चटकन येतं ते इतरांच्याही येतं, आणि असे शब्द गोळा केलेल्या याद्या असतात. उत्तम उपाय साधा आहे. एखादा जाड शब्दकोश घ्या, डोळे मिटून चार-पाच ठिकाणी उघडा आणि जिथे बोट पडेल तिथला ओळखीचा शब्द उचला. उखळ, बोगदा, लसूण, पतंग, चिमटा असं काहीतरी निघेल. ते इंग्रजी लिपीत एकामागून एक लिहायचं. शब्दांचा एकमेकांशी संबंध नसणं हीच त्यातली ताकद आहे, त्यामुळे 'जरा बरं दिसावं' म्हणून त्यांची वाक्यात बसेल अशी अदलाबदल करू नये. निवड आपल्या मनाची नको, बोटाची हवी. आठ हजार शब्दांतून असे चार शब्द उचलले, तर वर सांगितलेल्या कार्डाला सगळ्या जोड्या तपासायला पन्नास वर्षं लागतील. पाचवा शब्द जोडला की हाच काळ चार लाख वर्षांवर जातो. आणि एवढं मोठं वाटणारं हे प्रकरण टीव्हीच्या रिमोटने टाइप करायला '@' आणि '#'च्या खिचडीपेक्षा सोपं असतं. (वर दिलेले पाच शब्द मात्र वापरू नका. ते छापले गेले, म्हणजे वाया गेले.)

दुसरा निर्णय कुलपाच्या जातीचा. राउटरच्या पानावर 'सिक्युरिटी' असं लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं की पाच-सहा नावांची यादी उघडते. पाहणाऱ्याला वाटतं की हे सगळे सारख्याच मोलाचे पर्याय आहेत. खरं तर ती यादी म्हणजे वीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तिच्यातला अर्धा भाग मोडकळीला आलेला आहे.

सर्वांत वरचं डब्ल्यूईपी हे वायफायच्या पहिल्या पिढीतलं, १९९० च्या दशकाच्या अखेरीचं. त्यात प्रत्येक निरोपाबरोबर जो बदलता आकडा लागतो तो फक्त २४ बिटांचा, म्हणजे १ कोटी ६७ लाख आकडे संपले की पुन्हा पहिल्यापासून. वर्दळीच्या नेटवर्कवर ते फार लवकर संपतात. शिवाय ज्या सांकेतिक पद्धतीवर ते उभं होतं तिच्यातच २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी दोष दाखवून दिला. जर्मनीतल्या डार्मस्टाट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये ते एका मिनिटाच्या आत उघडून दाखवलं. इथे पासवर्ड कितीही लांब ठेवला तरी उपयोग नाही, आणि '६४' ऐवजी '१२८' निवडूनही नाही. अमेरिकेत टीजेएक्स या दुकानांच्या साखळीतून साडेचार कोटी कार्डांचे तपशील चोरीला गेले. त्याची सुरुवात एका दुकानाच्या डब्ल्यूईपी लावलेल्या वायफायपासून झाली होती.

डब्ल्यूईपी कोसळलं तेव्हा जुनी यंत्रं फेकून न देता काहीतरी डागडुजी हवी होती. ती डागडुजी म्हणजे २००३ चं डब्ल्यूपीए, आणि त्यातली टीकेआयपी ही पद्धत. तिचं काम संपून फार वर्षं झाली, पण 'डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए-२ मिश्र' या गोड दिसणाऱ्या नावाखाली ती अजून यादीत टिकून आहे. टीकेआयपीचा आणखी एक तोटा फारसा कुणी सांगत नाही. नव्या वायफायचे वरचे वेग तिच्याबरोबर चालतच नाहीत, आणि जोडणी ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. दर महिन्याला शंभर किंवा दोनशे एमबीपीएसचे पैसे भरूनही फोनवर वेग मिळत नसेल, तर कंपनीला फोन लावण्याआधी ही ओळ पाहून घ्यावी.

मग २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आलं आणि त्याच्याबरोबर एईएस. डेमेन आणि रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांनी तयार केलेली ही सांकेतिक पद्धत बँकांपासून सरकारांपर्यंत सगळीकडे वापरली जाते, आणि तिला अजून कुणी मोडू शकलेलं नाही. वर सांगितलेली अंदाज बांधण्याची वाट या कुलपालाही आहेच, पण पासवर्ड चांगला असेल तर ती वाट कुठेच पोचत नाही. मॅथी व्हानहूफ याने २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ च्या त्या चार निरोपांतच एक चूक शोधून काढली, तेव्हा जगभर खळबळ माजली. ती चूक फोन आणि राउटर अपडेट करून दुरुस्त झाली. अपडेट न मिळालेल्या जुन्या यंत्रांत ती अजून आहे.

आणि २०१८ पासून डब्ल्यूपीए-३. फट बुजवली ती यात. इथे फोन आणि राउटर यांच्यातली बोलणी अशा गणितावर चालतात की ती टिपून घरी नेली तरी त्यांच्यावरून पासवर्ड ताडून पाहता येत नाही. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने प्रत्यक्ष बोलावं लागतं. सेकंदाला पंचवीस लाखांचा खेळ तिथेच संपतो. आणखी एक गोष्ट अशी की आज टिपलेला संवाद, उद्या पासवर्ड कळला तरी उलगडत नाही. डब्ल्यूपीए-२ मध्ये मात्र आपण ज्याला पासवर्ड दिला, तो इतरांचं जोडणं ऐकून त्यांच्या संवादाचं वायफायचं आवरण काढू शकतो. सोसायटीत पासवर्ड वाटत सुटणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरातली सगळी यंत्रं चालत असतील तर फक्त डब्ल्यूपीए-३. एखादा जुना टीव्ही किंवा प्रिंटर अडत असेल तर डब्ल्यूपीए-२ आणि ३ यांचं मिश्रण. पण मग पासवर्ड पाच शब्दांचाच हवा, कारण मिश्रणात जुन्या दाराने येण्याची सोय उरते. राउटर जुना असेल तर डब्ल्यूपीए-२ आणि एईएस. त्याच्या खालचं काहीच नको. जे यंत्र फक्त डब्ल्यूईपीच जाणतं, त्याच्यासाठी सगळ्या घराचं दार उघडं ठेवणं बरोबर नाही. त्याला केबलने जोडावं किंवा निरोप द्यावा.

आता ज्यांवर लोक विसंबतात त्या दोन गोष्टी. नेटवर्कचं नाव लपवलं की कुणाला दिसणार नाही, ही पहिली. प्रत्यक्षात फोन जोडला जाताना ते नाव उघडपणे उच्चारतो, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच मिळतं. उलट, लपवलेलं नेटवर्क शोधण्यासाठी आपला फोन बाजारात, स्टेशनवर, जाईल तिथे 'अमुक आहे का?' असं विचारत राहतो. दुसरी म्हणजे ठरावीक यंत्रांचेच क्रमांक नोंदवून बाकीच्यांना बंदी. हे क्रमांकही हवेतून उघडे जातात, आणि आपल्या यंत्राला दुसऱ्याचा क्रमांक लावणं हे मिनिटाभराचं काम आहे. यात वेळ घालवू नये असं मी आपुलकीने सांगतो, कारण असा वेळ घालवलेल्या माणसाला आपण सुरक्षित झालो असं वाटतं आणि पासवर्ड जुनाच राहतो.

एक सोय मात्र बंदच करायला हवी: डब्ल्यूपीएस. पासवर्ड टाइप न करता आठ आकडी पिन टाकून यंत्र जोडता यावं, म्हणून ती काढली गेली. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असं कुणालाही वाटेल. पण शेवटचा आकडा आधीच्या सात आकड्यांवरून ठरतो, आणि राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासून बरोबर की चूक ते सांगून टाकतो. म्हणजे आधी दहा हजार, मग एक हजार. दहा कोटींचे अकरा हजार झाले. श्टेफान फीबॉक या संशोधकाने २०११ च्या डिसेंबरात हे जाहीर केलं. पाच शब्दांचा सुंदर पासवर्ड ठेवला आणि पिन चालू राहिला, तर पुढच्या दाराला तिजोरीचं कुलूप आणि मागच्या दाराला नुसती कडी असं होतं.

एवढी खबरदारी का, असं विचारणारे भेटतात. आज बहुतेक संकेतस्थळं आणि बँकांची ॲप स्वतःचं वेगळं कुलूप लावूनच बोलतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. निव्वळ वायफायमध्ये शिरून कुणी खात्यातले पैसे उचलून नेत नाही. पण आपल्या जोडणीवरून बाहेर जे काही जातं, त्यावर पत्ता आपला असतो. अहमदाबादमध्ये २६ जुलै २००८ रोजी बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्याच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. तपास पोचला तो नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी माणसाच्या घरी. त्याचं वायफाय उघडं होतं, आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं होतं. कटाशी संबंध नसताना त्याला दहशतवादविरोधी पथकाच्या चौकशीला सामोरं जावं लागलं. पुढे ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून असेच ईमेल गेले. त्यानंतर मुंबई पोलीस रस्तोरस्ती फिरून उघडी वायफाय शोधू लागले. ही आपल्या शेजारची हकीकत आहे, म्हणून 'आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?' हा प्रश्न मला पटत नाही.

आणि घराच्या आतही आता पुष्कळ काही असतं. बाळाच्या खोलीतला कॅमेरा, टीव्ही, प्रिंटर, आवाजावर चालणारा स्पीकर ही सगळी यंत्रं एकाच नेटवर्कवर एकमेकांवर भरवसा ठेवून बसलेली असतात. म्हणून राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असेल तर ते चालू करावं, त्याला वेगळा पासवर्ड द्यावा, आणि पाहुण्यांबरोबर कॅमेरा आणि स्मार्ट प्लगही तिकडेच पाठवावेत. स्वस्त कॅमेऱ्याला वर्षानुवर्षं अपडेट मिळत नाही. तो बिघडला तर निदान आपल्या संगणकाच्या शेजारी नसावा. फोनवरून टीव्हीवर चित्र टाकायचं असेल तर मात्र दोघं एकाच नेटवर्कवर लागतात, त्यामुळे टीव्हीचा निर्णय ज्याने त्याने सवयीप्रमाणे घ्यावा.

शेवटी राउटरचं स्वतःचं दार. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा वेगळा, हे अनेकांना माहीत नसतं. दुसरा बहुधा डब्याखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, आणि जुन्या राउटरमध्ये नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे 'ॲडमिन' हाच शब्द असतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीने घालून दिलेल्या अशाच साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या आजमावून. ब्राझीलमध्ये २०११ मध्ये सुमारे पंचेचाळीस लाख मोडेमांची आतली सेटिंग बदलली गेली, आणि बँकेचा पत्ता बरोबर टाइप करूनही माणसं भामट्यांच्या पानावर पोचू लागली. तेव्हा हा पासवर्डही बदलायचा, बाहेरून राउटर चालवण्याची 'रिमोट' सोय बंद ठेवायची, आणि अपडेट आपोआप येऊ द्यायचे.

हे सगळं रविवारी दुपारी करावं, मुलांची परीक्षा आणि कुणाची मीटिंग नसताना. वायफायचा पासवर्ड बदलला की घरातलं प्रत्येक यंत्र तुटतं आणि एकेक करून पुन्हा जोडावं लागतं. फोन दोन मिनिटांत होतात, स्मार्ट प्लग तासभर खातो. एकच यंत्र विसरलं की आठवड्याने आठवतं. नवा पासवर्ड कागदावर लिहून ठेवायला अजिबात हरकत नाही. ज्याच्यापासून आपण जपतोय तो रस्त्यावर आहे, स्वयंपाकघरात नाही. आमच्याकडे तो कागद डब्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. पुढच्या वेळी जोडणी करायला कुणी आलं आणि त्याने नंबर विचारला, तर तोच काढून हातात द्यायचा.